एकतीस ऑगस्टपर्यंत

माझ्या चपला तिसऱ्या दिवशी गायब झाल्या.

सकाळी परसात जायचं म्हणून मी दारामागे बघितलं, तर तिथे सरांचे बूट होते, काकूंच्या स्लिपर होत्या आणि माझी जागा मोकळी. मग खाटेखाली बघितलं, मोरीत बघितलं, अंगणातल्या तुळशीमागेसुद्धा बघून आले.

“काकू, माझ्या चपला दिसल्या का हो?”

काकू भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कुत्र्यानं नेल्या असतील.”

“दोन्ही? जोडीनं?”

“शहाणं असंल कुत्रं. तुला जायचंय कुठं पण? परसात जायला माझ्या घाल की.”

काकूंची स्लिपर माझ्या पायात कुठली जाते? खो-खो खेळून खेळून माझे पाय फावड्यासारखे पसरलेले. तशीच अनवाणी जाऊन आले, आणि परत येताना डोक्यात उजेड पडला, की हे काम कुत्र्याचं नाही. मला हसूच फुटलं. म्हटलं, कमल खराडे, तू आता खरी मोठी खेळाडू झालीस. लोकांवर तुझ्या चपला लपवायची वेळ आली!

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची. मी बोरनळच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बोरनळ, खडेपूर आणि आणखी नऊ अशी अकरा कॉलेजं मिळून विद्यापीठाचा आमचा विभाग व्हायचा. त्याला सगळे झोन म्हणायचे. झोनच्या स्पर्धा हिवाळ्यात, पण खरी झोंबाझोंबी ऑगस्टातच. कारण कुठला खेळाडू कुठल्या कॉलेजकडून खेळणार याचे अर्ज एकतीस ऑगस्टला संध्याकाळी पाचपर्यंत झोनच्या सचिवांकडे पोचवायचे असत. एकदा अर्ज गेला की वर्षभर पक्कं. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात एकमेकांचे खेळाडू पळवायची नुसती धूम असायची. हॉस्टेल देतो, फी माफ करतो, भावाला शिपायाच्या जागेवर चिकटवतो, काय वाट्टेल ते. म्हणून प्रत्येक कॉलेजचे क्रीडा संचालक आपापले चांगले खेळाडू त्या आठवड्यात “सांभाळायचे”. सांभाळायचे म्हणजे घरी नेऊन ठेवायचे. एका सरांनी तर एक पैलवान चक्क स्वतःच्या सासुरवाडीला ठेवला होता, आणि त्यानं तिथलं दूधदुभतं आठ दिवसांत संपवलं म्हणे.

आमचे इंगवले सर बावीस तारखेला जीप घेऊन आमच्या गावात आले, बरोबर काकू. अण्णा कालव्यावर पाटकरी होते, शेताला पाणी सोडायच्या पाळ्या बघायचे. सर कधी दारात येतील असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. सर म्हणाले, “कमलला आठ-दहा दिवस घरी नेतो. सरावाला बरं पडेल. रोजचा एसटीचा त्रास वाचेल पोरीचा.” अण्णा म्हणाले, “न्या की. तुमचीच पोरगी आहे.” मला कुणी विचारलं नाही. पण विचारलं असतं तरी मी उड्याच मारत गेले असते. घरात आम्ही पाच भावंडं. एक अंथरूण तिघींत. आणि इथे सर मला न्यायला जीप घेऊन आलेले!

माझं सगळं चित्त तेव्हा एका पत्रात अडकलेलं होतं. जानेवारीत विद्यापीठाच्या संघातून खेळताना मी एका डावात साडेतीन मिनिटं कुणाच्या हाती लागले नव्हते. खेळ झाल्यावर राज्य संघटनेचे एक निवड समितीवाले माझ्याजवळ आले. माझं नाव लिहून घेतलं आणि म्हणाले, “ऑगस्टच्या शेवटी पुण्याला शिबिर आहे. सोळा मुली बोलावणार, त्यातल्या बारा राज्याच्या संघात. पत्र कॉलेजच्या पत्त्यावर येईल, लक्ष ठेव.” तेव्हापासून माझं दुसऱ्या कशात लक्षच नव्हतं. राज्याच्या संघाची ती जर्सी, पाठीवर महाराष्ट्र लिहिलेली, मी झोपेत घालत होते आणि झोपेत काढून घडी करून ठेवत होते.

सर संध्याकाळी कॉलेजातून आले की मी दारातच धरायची. “सर, पत्र?”

“आलं की तुलाच आधी सांगणार ना? धीर धर जरा.”

त्या तिसऱ्या दिवशी, चपला गेल्या त्याच संध्याकाळी, सर अर्जाचा कागद घेऊन आले. पाटावर ठेवला, पेनाचं टोपण काढून हातात दिलं. “इथं सही कर. म्हणजे शेवटच्या दिवशी धावपळ नको.”

मी सही केली. सरांनी शाई वाळू दिली, कागद पिशवीत घातला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, “आता नीट ऐक, कमळे. दुसरीकडं कुठं सही करायची नाही. एका पोरीची सही दोन अर्जांवर सापडली, तर पोरगी वर्षभर बाद. आणि दोन्ही कॉलेजांचे संघ त्या खेळातून बाद. समजलं?”

“मी कशाला करतेय सर? आणि करायची म्हटलं तर जाऊ कशी? चपला कुठायत माझ्या?”

सर मोठ्यानं हसले. काकू हसल्या नाहीत. त्या ताटं मांडत होत्या.

काकूंविषयी सांगायला पाहिजे. मालतीकाकू. अंगानं बारीक, बोलायला तिखट, पण हाताला चव अशी की मी आठ दिवसांत दोन किलो वाढले असेन. सर गेले की काकू आतून कडी लावायच्या. बाजाराला जायचं असेल तर बाहेरून कडी घालून जायच्या आणि आल्यावर काढायच्या. मी म्हणायची, “काकू, मी काय म्हैस आहे का सुटून जायला?” त्या म्हणायच्या, “म्हशीला निदान दावं असतं गं, दिसतं तरी.” मला ते तेव्हा चेष्टेतलंच वाटलं.

त्यांनीच सांगितलं, की या घरात राहिलेली मी पहिली नव्हे. आधी दोघी येऊन गेल्या होत्या. एक कबड्डीची, एक थाळी फेकणारी. “कबड्डीचीनं माझं सगळं लोणचं संपवलं,” त्या म्हणाल्या. “दुसरी सारखी रडायची. मी म्हटलं, अगं रडतेस काय, दहा दिवसांचा तर प्रश्न.”

“मग?”

“मग काय. दहा दिवस झाले, गेली.”

सव्वीस तारखेला दुपारी दारापुढे लुना थांबल्याचा आवाज आला. काकूंनी खिडकीतून बघितलं आणि मला म्हणाल्या, “खडेपूरच्या नाईकनवरे मॅडम.”

तारा नाईकनवरे मॅडम म्हणजे खडेपूरच्या खो-खोच्या मार्गदर्शक. झोनमध्ये अकरा कॉलेजांत ही एकच बाई, बाकी सगळे पुरुष. सर्वसाधारण विजेतेपदाची फिरती ढाल आठ वर्षं खडेपूरला होती. ती फिरायची नुसती नावाला. तर या मॅडम मला पळवायला आल्या, हे उघडच होतं. माझ्या अंगात नुसतं वारं शिरलं. मी आतल्या खोलीत पळाले, गाद्यांची चवड होती तिच्यामागे शिरले आणि वरून गोधडी ओढून घेतली. दोन दोन कॉलेजं माझ्यासाठी भांडतायत! अण्णांना सांगितलं तर खरं वाटणार नाही.

बाहेरून मॅडमचा आवाज आला, “कमल आहे का इथं?”

“नाही बाई. कोण कमल?” काकूंचा आवाज एरवीपेक्षा दुप्पट मोठा. “कमल खराडे होय? नाही हो! गावाला असंल ती! पण तुम्ही उन्हाच्या आलात, बसा ना! पाणी घ्या! अहो, बसा तर!”

मला इतकं हसू यायला लागलं की मी ओढणीचा बोळा करून तोंडात कोंबला. काय नाटक करतात काकू! नाटक कंपनीत जायला हव्या होत्या. त्यानंतर मॅडम हळू काहीतरी बोलत होत्या, त्यातलं “उद्या” एवढंच मला कळलं. गोधडी कानांवरच आलेली, बाकीचं काही ऐकू आलं नाही. काकू पुन्हा मोठ्यानं, “चहा तरी घ्या! असं कसं! दोन मिनिटं थांबा की!” मी म्हटलं, काकू आता अतीच करतायत, घालवून द्या की त्यांना. शेवटी लुना सुरू झाली आणि लांब गेली.

मी बाहेर आले. केसांना कापूस लागलेला. “काय म्हणत होत्या हो?”

काकू पाण्याचा भरलेला तांब्या हातात घेऊन उंबऱ्यातच उभ्या होत्या. “काही नाही,” म्हणाल्या.

“तुम्ही काय ग्रेट आहात काकू! मला तर वाटलं मी फुटतेच आता हसून.”

त्यांनी तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि आत गेल्या.

त्यानंतरचे तीन दिवस काही संपेनात. सराव म्हणून आणलं होतं, पण मैदानाचं तोंड मी बघितलं नव्हतं. अंगणात दोरीवरच्या उड्या मारायच्या, तेवढाच सराव. खिडकीतून गटार, त्यापलीकडे कॉलेजच्या क्लार्कच्या घराची मागची भिंत. मी त्या भिंतीच्या विटा मोजल्या. पहिल्यांदा जे कौतुक वाटत होतं, ते आता नकोसं व्हायला लागलं. घरी आई काय करत असेल? अण्णा पाळीवर गेले असतील का? मी सरांना म्हटलं, “सर, एक दिवस घरी जाऊन येऊ का?” सर म्हणाले, “एकतीस झाली की ये ना. कुणी अडवलंय?”

तीस तारखेला सकाळी काकू पिशवी घेऊन निघाल्या. दारात थबकल्या. “कमल, माळ्यावर शेंगांचं पोतं आहे. त्यातल्या सोलून ठेव पायलीभर. शिडी परसात आहे.” आणि गेल्या. कडी बाहेरून लागली.

माळ्यावर जुनी भांडी, फुटका पंखा, शेंगांचं पोतं. पोत्याच्या तोंडाशीच एक कापडी पिशवी. उचलली तर आत माझ्या चपला. मी म्हटलं, सापडलात का चोरांनो! आणि पिशवी उलटी केली, तर चपलांबरोबर एक लिफाफा पडला. लिफाफ्यावर माझं नाव. कु. कमल दादू खराडे, द्वारा क्रीडा संचालक. फोडलेला.

माळ्यावर वाकून बसल्या बसल्याच वाचला. आपली निवड राज्य संघाच्या सराव शिबिरासाठी करण्यात आली आहे. दिनांक सत्तावीस ऑगस्ट रोजी सायंकाळी पाचपर्यंत हजर व्हावे. हजर न झाल्यास राखीव खेळाडूस संधी देण्यात येईल. खाली सही, निळा शिक्का, आणि सोबत कोण कोण मार्गदर्शक त्यांची नावं. तिसरं नाव होतं, कु. तारा नाईकनवरे, खडेपूर.

पोस्टाचा शिक्का सोळा ऑगस्टचा होता. म्हणजे सर जीप घेऊन आमच्या दारात आले, तेव्हा हे पत्र त्यांच्या खिशात होतं.

मी खाली कशी उतरले मला आठवत नाही. एका हातात चपला, एका हातात पत्र, अशी मधल्या घरात उभी होते. तेवढ्यात कडी वाजली आणि सर जेवायला आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चपलांकडे बघितलं, पत्राकडे बघितलं.

“सर, हे काय आहे?”

सरांनी सावकाश बूट काढले. “बस.”

“बसत नाही. हे काय आहे?”

“अगं, शिबिराला सगळ्या झोनचे लोक घिरट्या घालत असतात. तिथं गेली असतीस तर परत बोरनळला आली असतीस का? ती तारा नाईकनवरेच तिथं मार्गदर्शक आहे. तिनं तुला सोडली असती?”

“मला राज्याच्या संघात खेळायचं होतं सर.”

“पुढच्या वर्षी जाशील. वय काय तुझं? अठरा! मी स्वतः नेईन तुला.” आणि मग त्यांचा आवाज एकदम उतरला. “कमळे, सहा वर्षं मी तात्पुरता आहे. दरवर्षी नवीन ऑर्डर. प्राचार्यांनी तोंडावर सांगितलंय, यंदा ढाल आली नाही तर दुसरा माणूस बघू. मुलींचा खो-खो जिंकला तरच ढाल येते. तुझ्याशिवाय येते का, सांग तू मला? या वयात मी कुठं जाऊ?”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. मला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी त्यांच्या तोंडावर चप्पल फेकून मारावी असंही वाटलं. दोन्ही एकदम. सरांनी काय केलं, माझ्या हातातून चपला अलगद काढून घेतल्या, बगलेत धरल्या आणि म्हणाले, “उद्याचा एक दिवस. परवा तुझ्या चपला तुला, मी स्वतः घरी सोडतो. जा, पान वाढ.” आणि मोरीत हात धुवायला गेले. दार उघडं होतं.

मला अजूनही नवल वाटतं. या माणसानं वर्षभर रोज मला खेळताना बघितलं होतं. खो-खोत कुणी चपला घालून पळतं का?

मी पळाले. गल्लीतून, देवळामागून, थेट कालव्यावर. स्टँडवर सरांची पोरं बसलेली असणार हे मला ठाऊक होतं. कालव्याच्या बांधावरून खडेपूर नऊ किलोमीटर, आणि कालवा म्हणजे आमच्या घरचाच रस्ता. बाभळीचे काटे मोडले, ते मोडू दिले. डोक्यात एकच, की मॅडमना गाठायचं. त्या म्हणतील, चल, अजून वेळ गेली नाही.

खडेपूरच्या कॉलेजात मॅडम नव्हत्या. त्या शिबिरात होत्या, त्या दुसरीकडे कुठे असणार? क्रीडा विभागाच्या खोलीत देवकुळे सर होते. ते तिथले मुख्य क्रीडा संचालक. मला बघून ते खुर्चीतून अर्धे उठले.

“अरे वा वा वा! कमल खराडे! ये ये. ए, पाणी आण रे!”

मी दारातच पत्र पुढं केलं. “सर, मला पुण्याला पोचवाल का? आत्ता निघाले तर?”

त्यांनी पत्र वाचलं. “हां, हां. तारानं सांगितलं होतं. ती आली होती तिकडं तुला न्यायला, आपल्याबरोबर घेऊन जाणार होती. तू गावाला गेलीस म्हणाले.” त्यांनी पत्राची घडी घालून मला परत दिलं. “आता त्याचा उपयोग नाही गं. परवाच राखीव मुलगी घेतली. झालं ते झालं. पण तू इकडं आलीस हे फार बेस केलंस.”

मी उभीच होते. मॅडम मला पळवायला आल्या नव्हत्या, पुण्याला न्यायला आल्या होत्या. मी दहा हातांवर होते. गोधडीत.

“बस की,” देवकुळे सर म्हणाले, आणि मग त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. “चपला नाहीत? बरंच झालं. आता तसंही कुठं जायचं नाही.” त्यांनी दाराबाहेर बसलेल्या क्लार्कला हाक मारली. “अहो भाऊसाहेब, हिला तुमच्या घरी न्या. वहिनींना सांगा, उद्या पाच वाजेपर्यंत पोरगी बाहेर दिसता कामा नये. इंगवलेची माणसं येतील शोधत.”

त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं, की मला पहिल्यांदा कळलंच नाही. नऊ किलोमीटर पळून मी एका कोंडवाड्यातून दुसऱ्या कोंडवाड्यात आले होते, आणि इथेही वहिनी भाकरी छान करत असणार.

देवकुळे सरांनी खणातून अर्ज काढला. तोच कागद, वर फक्त कॉलेजचं नाव वेगळं. “दाखला तिकडं अडकलाय ना? असू दे. दाखल्यासाठी अर्ज केलाय असं लिहू.” पेन पुढं केलं आणि मग मध्येच थांबले. “तिकडं सही केलीस का गं? खरं सांग.”

मी खाली बघितलं. पायांना चिखल, चिखलात रक्त. फरशीवर माझी पावलं उमटली होती, दारापासून टेबलापर्यंत. बोरनळकडून खेळायचं तर इंगवले सरांना ढाल मिळवून द्यायची. खडेपूरकडून खेळायचं तर यांच्याकडे ढाल राखायची. नाहीच सही केली, तर बोरनळची सही आहेच. सरांचे शब्द आठवले. एका पोरीची सही दोन अर्जांवर सापडली तर.

“नाही सर,” मी म्हटलं. “कुठंच नाही केली.”

आणि सही केली. ठळक, शाळेत शिकवतात तशी, पूर्ण नाव घालून.

गणपतीच्या आधी झोनच्या समितीची बैठक झाली. मला अण्णांबरोबर बोलावलं होतं. टेबलाभोवती अकरा कॉलेजांचे क्रीडा संचालक. मॅडम शिबिराहून परतलेल्या नव्हत्या. सचिव म्हातारे होते, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

“ही सही तुझी?”

“हो.”

“आणि ही?”

“हीपण माझीच.”

“नियम माहीत होता?”

“होता. इंगवले सरांनीच सांगितला होता.”

“मग का केलीस, पोरी? कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. या सगळ्यात एवढीच एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.” आणि मी शिबिराचं पत्र टेबलावर ठेवलं. सचिवांनी वाचलं, शेजारच्याला दिलं. पत्र अकरा जणांच्या हातांतून फिरलं. जो तो बघायचा आणि घाईघाईनं पुढे सरकवायचा. कुणीही इंगवले सरांना एक शब्द विचारला नाही. विचारणार कसा? प्रत्येकाच्या माळ्यावर कुणाच्या ना कुणाच्या चपला होत्याच.

मी वर्षभर बाद. बोरनळ आणि खडेपूर, दोघांचे मुलींचे खो-खो संघ बाद. तो खेळ त्या वर्षी तिसऱ्याच एका लहानशा कॉलेजनं जिंकला, आणि ढाल शेवटी खडेपूरलाच राहिली. आमच्या संघातल्या पोरी माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. सुरेखा मोरे माझ्याशेजारी बसायची, तिनं बाक बदलला. एकदा पाणवठ्यावर गाठ पडली, तेव्हा एवढंच म्हणाली, “तुझं सरांशी भांडण होतं ना? मग आमचा खेळ का घालवलास?” माझं चुकलं. त्या अकरा जणींपुरतं माझं चुकलंच.

परत येताना एसटीत अण्णा म्हणाले, “मला विचारायचंस तरी.”

“तुम्ही मला विचारलं होतं का, सरांबरोबर धाडताना?”



राज्याच्या शिबिराचं पत्र मला पुन्हा कधी आलं नाही. वर्षभर मैदान सुटलं की साडेतीन मिनिटांची दोन होतात. पुढे मी खेळाची शिक्षिका झाले. आता पन्नाशी ओलांडली.

पण काकू आल्या होत्या ते सांगायचं राहिलं. पुढच्या मे महिन्यात. सरांची ऑर्डर निघाली नव्हती, ते दोघं बोरनळ सोडून चालले होते. काकू एकट्याच एसटीनं आमच्या गावी आल्या. हातात तीच कापडी पिशवी. ओसरीवर टेकल्या आणि पिशवी माझ्यापुढे ठेवली.

“तुझ्या चपला.”

आई पाणी घेऊन आली, ठेवून आत गेली.

“पत्र त्यांच्या कपाटात होतं,” काकू म्हणाल्या. “चपलांच्या पिशवीत मी टाकलं.”

“माळ्यावर मुद्दाम पाठवलंत मला?”

“मग काय, शेंगा हव्या होत्या मला?”

“तीस तारखेला, काकू? सत्तावीस उलटून गेल्यावर?”

“हात होत नव्हता गं.” त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. “रोज किल्ली घ्यायची आणि परत ठेवायची. लग्नाला सतरा वर्षं झालीत. त्यांच्या नोकरीवर माझ्या हातानं धोंडा घालायचा म्हणजे…” मग एकदम वर बघून त्यांनी मला विचारलं, “त्या दिवशी मॅडम आल्या होत्या, तेव्हा तुला आत ऐकू येत नव्हतं का?”

“येत होतं थोडं. तुम्ही मोठ्यानं बोलत होता.”

“मोठ्यानं? अगं, ओरडत होते मी. पाणी घ्या म्हटलं, चहा घ्या म्हटलं, बाई निघाली की परत बसवत होते. म्हटलं, आता पोरगी ओ देईल, आता देईल. तू नुसती ओ दिली असतीस तर माझा नाइलाज होता. मला तुला बाहेर आणावंच लागलं असतं.”

मी गाद्यांच्या मागे तोंडात ओढणी कोंबून हसत होते, हे मी त्यांना पुन्हा बोलून दाखवलं नाही. त्यांना ते ठाऊकच होतं. आईनं केलेला चहा त्यांनी घेतला. मग मी पिशवीतून चपला काढून पायात घातल्या आणि काकूंना स्टँडपर्यंत सोडायला गेले.